अकरा नंबरच्या मागावरची हवा

इसहाक पारखे मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्या अंगावर पाणी ओतलं. लोटाभर नाही हं, चांगली बादलीभर. लपवायचं कशाला?

आणि तुम्हीच सांगा, दुसरं काय करणार होते मी? चव्वेचाळीस सालचा एप्रिल, भर दुपार. नगरहून भिंगारला जाणाऱ्या वाटेवर काकासाहेबांची विणकामाची शेड होती. लष्करी दवाखान्यांसाठी जखमेच्या पट्ट्यांचं कापड तिथं निघायचं. तीस माग, तीस बायका, आणि जिकडं बघावं तिकडं कापसाची तूस. बायका बाहेर निंबाखाली भाकरी खात बसलेल्या. मी सुताचं वजन करणारी, हजेरी लिहिणारी. वही घेऊन आत शिरले तर शेडच्या मधोमध एक उंचापुरा अनोळखी माणूस उभा, हातात पाच पेटलेल्या उदबत्त्या, आणि नजर वर छपराला लागलेली! त्या कापसावर एक ठिणगी पडली असती ना, तर शेडची राख व्हायला पाच मिनिटंही लागली नसती. दाराशी आगीसाठी भरलेली बादली असायची. उचलली आणि—

"अहो! अहो, हे काय!"

"मीच विचारते, हे काय? शेड पेटवायची आहे का? पूजा करायची तर देवळात जा!"

"मी ख्रिस्ती आहे हो," तो नाकावरून ओघळणारं पाणी पुसत म्हणाला. "पूजा नव्हतो करत. हवा बघत होतो."

"हवा बघतात होय?"

"दिसत नाही, म्हणून तर धूर हवा... होता." त्यानं विझलेल्या उदबत्त्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हसला. मेला हसला काय म्हणून! भिजलेल्या माणसानं चिडावं की नाही?

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी जवळच्या मागावरची चिमूटभर तूस उचलली, तळहातावर ठेवली आणि हलकेच फुंकली. ती वर गेली, जरा घुटमळली, मग पश्चिमेच्या भिंतीतल्या झरोक्याकडून आलेल्या वाऱ्यानं हळूहळू पूर्वेकडे निघाली. "ही बघा हवा. रोज दिसते आम्हाला."

तो तूस बघत राहिला... आणि तूस दिसेनाशी झाली तरी बघतच राहिला, पण आता छपराकडे नाही.

"चार वर्षं मुंबईच्या गिरण्यांत हवा मोजली," तो म्हणाला, "हे कुणी नाही शिकवलं."

मी वहीत तोंड घातलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. एप्रिलच होता तो, दुसरं काय!

संध्याकाळी काकासाहेबांनी खुलासा केला. मागच्या मे महिन्यात शेडमध्ये तीन बायका चक्कर येऊन पडल्या होत्या. कापड बघायला आलेल्या लष्कराच्या डॉक्टरनं ठणकावून सांगितलं होतं, की माणसं हवी असतील तर आत हवा आणा. काकासाहेबांनी मग एका बंद पडलेल्या सिनेमा थेटरचा भला थोरला विजेचा पंखा विकत घेतला. पंखा एक, भिंती चार. तो कुठल्या भिंतीत बसवायचा, हे मोजून सांगायला मुंबईहून हा माणूस महिनाभरासाठी आणलेला.

"दया, तुला इंग्रजी आकडे येतात. हा सांगेल ते लिहायचं," काकासाहेब म्हणाले. मग शेडकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "आणि सगळ्यांनी ऐका! मोजणी चालू आहे तोवर झरोक्यांना कुणी हात लावायचा नाही. जिनं हात लावला, तिचा माग गेला!"

मी गाल फुगवून "बरं" म्हटलं. मनातलं कशाला सांगू!

इसहाकजवळ एक काचेची नळी होती. खाली मोठा फुगा, वर छोटा, आत लाल द्रव. मोठ्या फुग्याला मलमलीचं ओलं टोपडं घालायचं, अगदी तान्ह्या बाळाला घालतात तसं. मग नळी कढत पाण्यात बुडवायची, लाल रेघ वर चढली की बाहेर काढून मागापाशी टांगायची. रेघ शंभर अंशांवरून पंच्याण्णववर उतरायला किती सेकंद लागतात, ते मोजायचं. वारा असला तर झटकन उतरते, कोंदट असलं तर रेंगाळते.

"ही नळी म्हणजे घामेजलेला माणूस समजा," तो म्हणाला. "किती लवकर गार होतो, ते बघायचं."

"मग माणसालाच विचारा की."

"विचारणार आहे ना." त्यानं घड्याळ माझ्या हातात दिलं. देताना बोटं लागली... लागली म्हणजे लागली, आता त्यात काय! "मी 'आता' म्हटलं की बघायचं. पुन्हा 'आता' म्हटलं की सेकंद सांगायचे. — आता!"

मी घड्याळाच्या काट्याकडे बघत होते. खरंच बघत होते. पण तो श्वास रोखून नळीकडे बघत होता, कपाळावर एक बट चिकटली होती, आणि दुसरं "आता" आलं तेव्हा काटा कुठं होता ते मला सांगताच येईना.

"चुकलं?" त्यानं विचारलं.

"तुमचं 'आता' फार हळू येतं ऐकू."

"बरं. ओरडून म्हणतो." आणि मग मान जरा कलती करून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुम्हाला... आत्ता, इथं, कसं वाटतंय?"

देवबापा! असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. मिशन शाळेच्या एलिया मास्तरांची मुलगी मी. घरात विचारायचे ते पाठांतर झालं का, एवढंच. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, कसंबसं म्हटलं, "बरं... बरं वाटतंय."

"'बरं'." त्यानं वहीत लिहिलं! "म्हणजे गार नाही, गरम नाही, मधलं. ठीक." आणि तो पुढच्या मागाकडे सरकला. तिथं बसलेल्या रंगुबाईकडे, साठीच्या म्हातारीकडे, मान तशीच कलती करून, आवाज तसाच खाली आणून म्हणाला, "आजी, तुम्हाला आत्ता, इथं, कसं वाटतंय?"

"लई गरम," रंगुबाई म्हणाली. "मेल्यावानी हुतंय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, की या माणसापायी आपल्याला तीस बायकांचा हेवा करावा लागणार. रंगुबाईचासुद्धा केला मी, त्या दिवशी दुपारभर!

पण रंगुबाईचा हेवा संध्याकाळपर्यंत उतरला. उतरला नाही तो पुष्पावतीचा.

पुष्पावती अकरा नंबरच्या मागावर बसायची, पश्चिमेच्या भिंतीला, झरोक्याच्या बरोबर खाली. नगरच्या तोफखाना भागातल्या पद्मशाली विणकराची पोर. बाप छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या मागावर चालायचं. उंच, सडपातळ, आणि आडवं सूत नेणारा धोटा असा फेकायची की बघत राहावं. दिसायला? बरी होती. ... छे, खोटं कशाला बोलू, देखणी होती. घामानं निथळत असली तरी देखणी दिसायची, आणि हे मला फार लागायचं. मी घामेजले की उकडलेल्या बटाट्यासारखी दिसते.

इसहाक तिच्या मागापाशी सकाळी मोजायचा. दुपारी मोजायचा. चहाच्या वेळी मोजायचा. एका दिवसात सात वेळा! मी मोजलं ना, त्याचं घड्याळ माझ्याच हातात होतं. बाकीच्या मागांपाशी दोनदा, आणि माझ्या वजनकाट्याच्या खोलीत? महिन्यात एकदा.

"सकाळी अठ्ठावीस सेकंद," तो वहीवर बोट ठेवून पुटपुटायचा. "दुपारी पंचावन्न. बाहेर वारा दुपारीच जास्त, मग आत कमी का?"

"मला काय माहीत."

"आणि हिला विचारलं तर म्हणते, बरं वाटतंय! घाम तर पाझरतोय."

"तुम्ही विचारल्यावर बरंच वाटणार," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पुढचा माग."

आणि ती तरी! तो "कसं वाटतंय" म्हणाला की लगेच दात दाखवून, "बेस वाटतंय, सायेब." कपाळावरून घाम डोळ्यांत चाललाय, आणि म्हणे बेस! मी त्या नळीसाठी रात्री बसून बारीक टाक्यांची तीन टोपडी शिवून आणली होती. तिनं आपल्या मागावरचा कापडाचा तुकडा फाडून, नुसता दोऱ्यानं बांधून दिला, आणि इसहाक म्हणाला, "वा! हे जास्त विरळ आहे, पाणी छान धरतं." माझी तीन टोपडी खिशात तशीच राहिली. विरळ म्हणे! प्रेमानं शिवलेलं घट्टच येणार की.

शनिवारी मी खोलीतून सुताची लडी घेऊन मागच्या दारानं येत होते. मागच्या भिंतीशी ती दोघं उभी. पुष्पावती हात जोडून अगदी हलक्या आवाजात बोलत होती. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"कुनाला सांगू नका, सायेब. पाया पडते."

"नाही सांगत," इसहाक म्हणाला. "मला थोडे दिवस दे. मी काहीतरी मार्ग काढतो."

माझ्या हातातली लडी खाली पडली. त्यांना ऐकू आलं नाही. मला मात्र नंतर कितीतरी वेळ दुसरं काही ऐकूच आलं नाही. मार्ग काढतो! काय मार्ग काढणार होता हा? तिच्या बापाला भेटणार? जातीबाहेर लग्न करणार? 'दे' म्हणाला तिला, 'द्या' नाही! मला अजून 'तुम्ही, तुम्ही'!

त्या दिवसापासून मी आकड्यांखेरीज त्याच्याशी बोलले नाही.

"दयाबाई, काही चुकलं का माझं?"

"चाळीस सेकंद."

"तब्येत बरी आहे ना?"

"एकेचाळीस."

तो दोनदा काहीतरी सांगायला म्हणून आला, आणि मी दोन्ही वेळा वजनकाट्याला तेल घालायला उठले. एवढं तेल त्या काट्याला जन्मात मिळालं नव्हतं.

गुरुवारी दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या आणि इसहाक बाजारात गेला होता. मी आत डोकावले, तर पुष्पावती मागाच्या लाकडावर चढून, टाचा उंचावून झरोक्यात खोलवर, खालून दिसणार नाही असं, गोणपाट कोंबत होती! एक झरोका झाला, दुसरा झाला. शेडमधला वारा हां हां म्हणता पडला.

असं होय! म्हणून दुपारी पंचावन्न सेकंद! आणि हे मला कळलं तेव्हा मला काय वाटलं, ते ऐका. मला आनंद झाला. उकळी फुटली आनंदाची. मी विचारलं नाही तिला, 'का गं बाई, स्वतःच स्वतःला का कोंडतेस?' मी सरळ काकासाहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "अकरा नंबरची पुष्पावती झरोके बुजवतेय. तुमच्या डोळ्यांनी बघा."

काकासाहेब आले. त्यांनी गोणपाट उपसून काढलं, जमिनीवर आपटलं. "महिनाभर पैसे मोजून माणूस ठेवलाय, आणि तू त्याची मोजणी नासवतेस? ऊठ. माग सोड."

मला वाटलं होतं ती भांडेल, रडेल. तिनं मागावरची सुताची कांडी उतरवली, धोटा जागच्या जागी ठेवला, पदर खोचला आणि निघाली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं फक्त. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दारातच तिला इसहाक भेटला. त्याच्या खांद्यावर कोऱ्या गोणपाटाचा गठ्ठा, हातात पत्र्याची पन्हाळ. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, तो सरळ माझ्या खोलीत आला.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो. नियम मोडला तिनं."

"दुपारच्या कोरड्या वाऱ्यानं सूत वाळतं आणि तटातटा तुटतं," तो सावकाश म्हणाला. "एक दोरा सांधायला मिनिट जातं. तासाला तीस-चाळीस दोरे तुटले तर कापड निघणार कधी? जितकं कापड तितकी मजुरी. म्हणून या बायका वारा बंद करतात आणि घामात बसतात. वारा हवा माणसाला, दमटपणा हवा सुताला. शनिवारी हे तिनं मला सांगितलं, तेव्हा कुठं माझे आकडे जुळले. मी तिला म्हटलं होतं, दोन्ही जमेल असा मार्ग काढतो."

"मग मला... मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हालाच सगळ्यांत आधी सांगणार होतो. दोनदा आलो. तुम्ही काट्याला तेल घालत होतात."

गठ्ठा तिथंच टाकून तो निघून गेला. त्याचा आवाज चढला नव्हता. माझा बाप रागावला की छडी आपटायचा. हा माणूस रागावला की आवाज आणखी खाली जायचा, आणि छडी परवडली असं वाटायचं.

उरलंसुरलं रंगुबाईनं सुनावलं. "अगं, पोरीच्या जातीला एवढा मत्सर बरा न्हवं! ती एकली कोंबीत हुती व्हय? आमी समद्याच सांगायचो तिला. तिचा हात पोचतो झरोक्याला, म्हनून ती चढायची. तीस जनींसाठी चढली आन् एकली गेली. नाव घेतलं का तिनं कुनाचं?"

घेतलं नव्हतं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि सुताच्या लड्यांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. स्वतःच्याच नजरेतून उतरायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. महिना संपून इसहाक येत्या शनिवारी मुंबईला जाणार होता. तो जाणार, पुष्पावतीचा माग जाणार, आणि दोन्ही माझ्या जिभेनं.

शुक्रवारी सकाळी हजेरी झाली. तीसऐवजी एकोणतीस. काकासाहेब शेडमध्ये उभे होते, इसहाक भिंतीशी नळी पुसत होता. मी हजेरीची वही मिटली आणि म्हटलं, "काकासाहेब, पुष्पावतीला परत बोलवा. झरोके तिनं एकटीनं नाही बुजवले. सगळ्यांच्या सांगण्यावरून बुजवले."

"खरं हाय," रंगुबाई उठून उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग हळूहळू सगळ्या.

काकासाहेबांनी चष्मा काढला. "सगळ्याच? आणि तू इथं दिवसभर असतेस, दया. मग नेमकं तिचंच नाव घेऊन का आलीस माझ्याकडे?"

"ती... ती दिसली म्हणून."

"तुला इतरांपेक्षा तिच्यात काही वाकडं दिसलं असेल, तर मला ते कळलं पाहिजे. ती कापड चोरते? कामचुकार आहे? कारण असल्याशिवाय तू अशी येणारी नाहीस. कारण सांग, नाहीतर मी तिला परत घेणार नाही."

झालं! आता काय सांगायचं? गप्प बसावं तर तिच्यावर भलताच संशय राहणार. बोलावं तर... एकोणतीस बायका, काकासाहेब, आणि तो भिंतीशी. पण गप्प बसले असते तर मग तोंड कुठं दाखवलं असतं?

"तिच्यात काही वाकडं नाही. माझ्यात आहे," मी म्हटलं. "मला तिचा हेवा वाटला."

"हेवा? कशाचा?"

"हे तिच्या मागापाशी रोज सात-सात वेळा हवा मोजतात!" माझा आवाज फाटला. "माझ्या खोलीत महिन्यात एकदाच मोजली!"

इसहाकच्या हातातली नळी सुटता सुटता राहिली. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळी शेड! काकासाहेबांनी चष्मा पुन्हा लावला, पुन्हा काढला, आणि मिशीवरून हात फिरवत ते इसहाककडे वळले, कारण माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

"पारखे, तुमचं काय म्हणणं?"

मी डोळे मिटले.

"दोन दिवस आणखी द्या," इसहाक म्हणाला. "पंखा पूर्वेच्या भिंतीत बसवू, तो आतली हवा बाहेर ओढेल. पश्चिमेच्या झरोक्यांवर ओलं गोणपाट टांगू, वरून पन्हाळीतून पाणी ठिबकत ठेवू. वारा ओला होऊनच आत येईल. सूत वाळणार नाही आणि माणूसही उकडणार नाही. जमलं तर त्या मुलीला माग परत द्या."

माझ्याबद्दल एक अक्षर नाही. चांगलं झालं, मी मनाशी म्हटलं, आणि काही चांगलं झालं नव्हतं.

रविवार सोडून दोन दिवस आम्ही राबलो. गोणपाट मी शिवलं, सैल टाक्यांनी. तो फक्त कामाचं बोलायचा: दोरी द्या, खिळा द्या. सोमवारी दुपारी पंखा सुरू झाला. झरोक्यांतून ओला, मातकट वासाचा वारा आत आला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत रंगुबाईनं खांद्यावर पदर ओढून घेतला! अकरा नंबरच्या मागावर रंगुबाईची सून बसवली होती. तासाभरात तिचे पाच दोरे तुटले. आधी चाळीस तुटायचे.

"आता!" इसहाक ओरडला.

"सत्तावीस सेकंद," मी म्हटलं. यावेळी एकही सेकंद चुकला नाही.

काकासाहेब म्हणाले, "बोलवा पोरीला."

"मी जाते," मी म्हटलं आणि तशीच उन्हात तोफखान्यात गेले. पुष्पावती ओट्यावर चाक फिरवत सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "मी तुझं वाईट केलं. माफ कर म्हणायलाही लाज वाटते. माग तुझा आहे, चल."

ती कांड्या भरत राहिली. मग म्हणाली, "दयाबाई, बा दोन दिस जेवला न्हाई. हे ध्यानात ठेवा."

"ठेवीन. जन्मभर."

"आन् सायेबाकडं बघायला मला येळ कुटं हाय? माजं समदं ध्यान दोऱ्यात." तिनं चाक थांबवलं. ओठाच्या कोपऱ्यात जरासं काहीतरी हललं. "पर त्यो कुटं बघायचा, ते मला ठावं हाय. नळी टांगायचा माज्या मागावर, आन् मान तुमच्या खोलीकडं. अकरा नंबरावरून तुमचं दार नीट दिसतं. तुमास्नी कसं उमगलं न्हाई वो? एवढं शिकल्या-सवरल्या!"

मी तिथंच ओट्यावर बसले.

ती माझ्याबरोबर आली. सगळ्यांनी तिला गराडा घातला. मी खोलीत गेले आणि उगाच एक लडी तोलायला घेतली. दारात सावली पडली. इसहाक होता. दोरीनं बांधलेली ट्रंक त्याच्या पायाशी होती. गाडी संध्याकाळची होती.

"माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही," तो म्हणाला.

"कळलं."

"पण खोटं नको म्हणून सांगतो. तिथं दोनदा मोजणं पुरे होतं. उरलेल्या पाच वेळा मी..." तो थांबला. हवा मोजणारा माणूस, आणि श्वास कुठं ठेवावा ते त्याला कळेना. "तुम्ही लडी तोलताना जीभ दातांत धरता. ते बघत होतो."

"मग बोलायचं होतं!"

"ज्या बाईनं बोलायच्या आधी बादली ओतली, तिच्याशी?"

मला हसू आलं आणि रडूही. "राग कधी जाईल?"

"माझी मावशी देवळाली प्रवराला असते. तिला घेऊन पुढच्या शनिवारी मास्तरांकडे यावं म्हणतो. तोवर जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"तर घेऊन येतो. तुमच्या घरात ठेवू थोडे दिवस."

मुंबईला जायच्या आधी तो माझ्याशी एवढंच बोलला, आणि जाताना लडी माझ्या हातातून घेऊन काट्यावर ठेवली. यावेळी बोटं लागली तेव्हा दोघांनीही काढून घेतली नाहीत.

मावशी आली. बाबांनी चार प्रश्न विचारले, पाठांतर विचारल्यासारखे. इसहाक पास झाला.

आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) नवरानवरीची नावं पुकारतात. तिसऱ्या रविवारी मी शेडमधल्या बायकांनाही बोलावलं होतं. रंगुबाई, पुष्पावती, सगळ्या मागच्या बाकावर अवघडून बसल्या. आमच्या देवळात यायची त्यांची पहिलीच वेळ. पाळकसाहेबांनी नावं वाचली, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "या दोघांच्या विवाहाला कोणाची काही हरकत असेल, तर त्यांनी आत्ताच सांगावी."

अशा वेळी कुणी बोलत नसतं. गप्प बसायचं असतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण मागं बाक करकरलं. मी वळून बघितलं. पुष्पावती उठून उभी राहिली होती!

सगळ्या माना मागं वळल्या. इसहाकचा चेहरा पांढराफटक पडला. आणि माझं... काय सांगू! इतकं सगळं होऊनही, माफी मागूनही, ती जुनी कळ पुन्हा छातीत उठलीच. काय सांगणार ही? काही राहिलं होतं का त्यांच्यात, मला न कळलेलं? आणि ही सूड म्हणून काही बोलली, तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

"बोला, बाई," पाळकसाहेब म्हणाले.

पुष्पावतीनं पदर सावरला. विचारलंय तर उत्तर द्यायला नको का, अशा सरळपणानं ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"आमची काई हरकत न्हाई. लवकर उरका."